चुकलेल्या बाणाची सोय

डार्टचा बाण बोर्डवरच्या तारेला धडकून खाली पडतो तेव्हा खेळणाऱ्याचे लक्ष हुकलेल्या गुणांकडे असते, पडलेल्या बाणाकडे नसते. थोडा हिशेब केला तर त्या पडण्याकडेही पाहावे असे वाटू लागते. नियमाप्रमाणे बोर्डचा मध्यबिंदू जमिनीपासून १.७३ मीटर उंच असतो. तेवढ्या उंचीवरून पडलेली वस्तू जमिनीला टेकताना तिचा वेग सेकंदाला ५.८ मीटर झालेला असतो. आता घरगुती खेळाडूच्या हातून सुटलेल्या बाणाचा वेग सेकंदाला ६ मीटर धरा, म्हणजे हातापासून बोर्डपर्यंतचा प्रवास साधारण एक तृतीयांश सेकंदाचा. दोन्ही आकडे शेजारी ठेवले तर फेकलेला बाण भिंतीला ज्या जोराने लागतो, जवळपास त्याच जोराने पडलेला बाण फरशीला लागतो. असे असूनही घरात बोर्ड टांगायची वेळ आली की सगळी चर्चा भिंतीची होते. रंग जाईल का, पोपडे पडतील का, मागे काय लावायचे. फरशीचा विचार पहिला टवका उडाल्यावर सुरू होतो. शिवाय भिंतीसाठी जो उपाय सुचतो तो बहुधा उलटा असतो, म्हणजे बाणाने काही होणार नाही असे कठीण काहीतरी मागे ठोकणे. बाण अडवायचा नसतो, त्याला रुतायला जागा द्यायची असते, आणि ती जागा बोर्डच्या भोवती जितकी लागते त्याहून जास्त त्याच्या खाली लागते.

बाणाची ताकद तशी काहीच नाही. २२ ग्रॅमचा बाण सेकंदाला ६ मीटर वेगाने जात असेल तर त्याची ऊर्जा ०.४ ज्यूल भरते. चाळीस ग्रॅमचे लिंबू मीटरभर उंचीवरून पडले तरी एवढीच ऊर्जा असते, आणि लिंबाने कोणाची फरशी फुटल्याचे ऐकिवात नाही. फरक पडतो तो टोकामुळे. सगळा जोर सुईच्या अग्राएवढ्या जागेवर एकवटतो, आणि तो किती वेळात संपतो यावर पुढचे सगळे ठरते. समोर काँक्रीट असेल तर बाण मिलिमीटरच्या अंशातच थांबतो, म्हणून दाब प्रचंड होतो. मग समोरच्या पृष्ठभागाचा टवका जातो, नाहीतर टोक वाकते, आणि उरलेला जोर बाणाला मागे फेकतो. समोर मऊ थर असेल तर तोच बाण सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर आत जाऊन सावकाश थांबतो. क्रिकेटमध्ये झेल घेताना हात मागे ओढून घेतात त्यामागचे कारण हेच आहे.

ही गोष्ट सर्वांत चांगली कळते ती खुद्द बोर्डकडे पाहून. दिवसाला शेकडो बाण पोटात घेऊनही तो वर्षानुवर्षे टिकतो. इंग्लंडमध्ये पूर्वी एल्म लाकडाचे आडवे काप बोर्ड म्हणून वापरत. लाकूड सुकून तडकू नये आणि भोके मिटावीत म्हणून ते रात्री पाण्यात भिजत घालावे लागे. नोडोर नावाची कंपनी खरे तर मुलांच्या खेळातली, वास नसलेली माती बनवणारी होती, आणि तिचे नावही ‘वास नाही’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून पडले. तिने आधी मातीचेच बोर्ड करून पाहिले, पण ते लोकांना रुचले नाहीत. पुढे १९३० च्या दशकात त्याच कंपनीने सिसल या धाग्याचा बोर्ड आणला आणि खेळाचे रूपच पालटले. सिसल म्हणजे मराठी माणसाला परका माल नव्हे. तो घायपाताचा वाख. मूळची मेक्सिकोची ही काटेरी वनस्पती आपल्याकडे शेतांच्या बांधांवर आणि रेल्वेच्या कडेने कुंपण म्हणून लावली गेली. अहिल्यानगर जिल्ह्यात तिला केकताडही म्हणतात. पाने पाण्यात कुजवून, ठेचून वाख काढायचा आणि त्याचे कासरे, दावी, चऱ्हाटे वळायची, हे काम तिथल्या प्रवरा नदीच्या खोऱ्यात नायलॉनच्या दोऱ्या येईपर्यंत पोटापाण्याचे होते. बोर्डमध्ये हाच धागा वेगळ्या रीतीने बसवलेला असतो. त्याचे तुकडे उभे, टोके खेळाडूकडे करून, प्रचंड दाबाने दाटून बसवतात आणि भोवती लोखंडी पट्टा आवळतात. बाण आला की धागे तुटत नाहीत, बाजूला सरकतात, आणि बाण काढला की दाबामुळे पुन्हा जवळ येतात. दाट गवतात काठी खुपसून काढावी तसे. धागा आडवा असता तर प्रत्येक बाणाने तो उसवत गेला असता, म्हणून दोरीचे वेटोळे शिवून केलेला बोर्ड महिनाभरात पिंजतो. उभा धागा आणि आडवा धागा यातला हा फरक लक्षात ठेवावा, पुढे जमिनीच्या बाबतीत तो कामाला येणार आहे. जाता जाता एक गैरसमज दूर करायला हवा. एल्मच्या काळातली पाणी मारायची सवय अजून कुठे कुठे सांगितली जाते, पण सिसलला पाणी लागले की तो फुगतो आणि बोर्डचा पृष्ठभाग उंचसखल होतो.

आता भिंती. अहिल्यानगर जिल्ह्यातले कोल्हार, म्हणजे प्रवरेच्या काठचे, नगर-मनमाड रस्त्यावरचे, भगवतीदेवीच्या मंदिराचे कोल्हार, उदाहरण म्हणून घेण्यासारखे आहे, कारण अशा गावात तीन पिढ्यांच्या भिंती एकाच गल्लीत सापडतात. मातीच्या जाड भिंतींचे जुने घर, त्याला टेकून विटांचे आणि सिमेंटच्या गिलाव्याचे, आणि अलीकडचे पुट्टी मारून गुळगुळीत केलेले. बाण या तिन्हींशी वेगवेगळा वागतो. मातीच्या भिंतीत तो छान रुतून बसतो, पण काढताना ढेकूळ घेऊन येतो, आणि त्या भोकातून माती झिरपत राहते. नोडोरच्या मातीच्या बोर्डचे काय झाले असेल याचा अंदाज इथे बांधता येतो. आतला सिमेंटचा गिलावा साधारण १२ मिलिमीटर जाडीचा असतो. चांगला पक्का गिलावा बाणाला दाद देत नाही, फक्त ठिपका उमटतो आणि बाण परत येतो. पुट्टी आणि प्लास्टर ऑफ पॅरिस मात्र ठिसूळ, तिथे खपली उडते. प्रवरेच्या पट्ट्यातली खरी अडचण याहून खोल, अक्षरशः पायाखाली आहे. इथली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. भंडारदरा धरणाचे पाणी कालव्यांतून उसाला मिळते, त्यामुळे घराच्या एका अंगाची जमीन ओली आणि दुसऱ्या अंगाची कोरडी असे बारमाही चालू राहते. पाया पुरेसा खोल नसेल तर भिंतीला बारीक तडे जातात आणि गिलावा विटेपासून सुटतो. वरून काही दिसत नाही, बोटाने वाजवले की पोकळ आवाज येतो. अशा ठिकाणी लागलेला बाण ठिपका पाडून थांबत नाही, तळहाताएवढा पापुद्रा घेऊन पडतो. म्हणून बोर्डची जागा ठरवताना रंग आणि उजेड यांच्या आधी भिंत वाजवून पाहावी. पोकळ गिलाव्यात बोर्डचा खिळाही टिकत नाही, आणि सिसलचा बोर्ड पाच किलोच्या घरात असतो.

बाण नेमके कुठे चुकतात, हा यानंतरचा प्रश्न. बाजारात बोर्डभोवती घालायचे फोमचे कडे मिळते. ते सगळीकडून सारख्याच रुंदीचे असते, आणि त्यामागे असे गृहीत असते की बाण चारी दिशांना सारखेच चुकतात. तसे होत नाही. हातापासून बोर्डपर्यंत दोन मीटर अंतर धरले आणि नेम एका अंशाने डावीउजवीकडे गेला तर बाण साडेतीन सेंटिमीटर बाजूला लागतो. वेगात मात्र दहा टक्के घट झाली, आणि नवशिक्याच्या हातात एवढी घट सहज होते, तर वाटेत बाण जास्त वेळ राहतो, गुरुत्वाकर्षण त्याला जास्त खेचते आणि तो सुमारे १३ सेंटिमीटर खाली लागतो. दहा टक्के जास्त वेगाने फेकला तर तो वर जातो, पण नऊच सेंटिमीटर. म्हणजे आडव्यापेक्षा उभी चूक मोठी आणि उभ्या चुकीतही खालची मोठी. लहान मुलांचे बाण बोर्डखालीच का लागतात याचे हे निम्मे उत्तर. उरलेले निम्मे त्यांच्या उंचीत आहे.

यावर जाणकार खेळाडू हरकत घेईल की नेम मध्यावर नसतोच, तो वरच्या तिप्पट विसावर, म्हणजे वीस गुण तिप्पट करणाऱ्या पट्टीवर असतो, मग वरची बाजू उघडी कशी सोडायची. हरकत रास्त आहे. तिप्पट विसाची पट्टी मध्यापासून दहा सेंटिमीटर वर आहे आणि दुप्पट विसाची साडेसोळा. बोर्डचा व्यास ४५१ मिलिमीटर, म्हणजे दुप्पट विसावर नेम धरणाऱ्याला वरच्या काठापर्यंत जेमतेम सहा सेंटिमीटर मोकळे मिळतात. तरी वरचा हिशेब लावला तर दहा टक्के वेग वाढल्यावर त्याचा बाण काठाबाहेर तीन-चार सेंटिमीटरच जातो. म्हणून वर वीतभर आच्छादन पुरते. प्लायवुडचा पूर्ण तक्ता आठ बाय चार फुटांचा येतो. त्याचा अर्धा भाग, म्हणजे चार बाय चार, घेतला आणि बोर्डचे केंद्र तक्त्याच्या मधोमध न ठेवता वरच्या कडेपासून ४० सेंटिमीटरवर ठेवले, तर बोर्डच्या वर १७ सेंटिमीटर, दोन्ही बाजूंना ३८ आणि खाली जवळपास ६० सेंटिमीटर झाकले जातात. तक्ता टांगल्यावर ओळंबा चुकल्यासारखा दिसतो आणि घरातले कोणीतरी हमखास म्हणते की तो खाली सरकला आहे. त्याला तिथेच राहू द्यावे.

नुसते प्लायवुड मात्र पुरत नाही, आणि नुसता फोमही पुरत नाही. पोलादी बाणाचे टोक नळीबाहेर तीन सेंटिमीटरहून जास्त असते. बारा मिलिमीटरची फोमची लादी, जी मुलांच्या खेळायच्या खोलीत एकमेकींत अडकवून अंथरतात, ती हे टोक सहज भेदते आणि मागच्या गिलाव्यापर्यंत पोचते. थर्माकोल तर विचारू नये, पहिल्या आठवड्यातच पांढरे दाणे घरभर होतात. दुसरीकडे उघड्या प्लायवुडवर तिरका आलेला बाण रुततो कमी आणि उसळतो जास्त. कामे दोन आहेत, वेग कमी करणे आणि टोक धरून ठेवणे, म्हणून थरही दोन हवेत. मागे बारा मिलिमीटरचे प्लायवुड आणि पुढे दीड-दोन सेंटिमीटरचे मऊ काहीतरी. ते मऊ काहीतरी विकतच आणायला हवे असे नाही. चौघडी गोधडी ताणून ठोकली तरी चालते, जाडजूड घोंगडी तर उत्तम, कारण लोकर दबते आणि पुन्हा फुलते. गोणपाटाचे दोनतीन थर स्वस्तात होतात, पण त्यांचा धागा आडवा असल्याने ते लवकर पिंजतात आणि बदलावे लागतात.

जुन्या टायरची युक्ती परदेशातही चालते आणि आपल्याकडे ती आणखी सोपी आहे. १८ इंची रिमच्या टायरचे आतले तोंड ४५७ मिलिमीटर असते आणि बोर्ड ४५१, म्हणजे बोर्ड त्यात जणू मापाने शिवल्यासारखा बसतो. आपल्याकडच्या बऱ्याच साध्या मोटारसायकलींची चाके याच मापाची आहेत, त्यामुळे पंक्चरवाल्याकडे असा टायर बहुधा पडलेला असतोच. त्याला दोन मर्यादा आहेत. मोटारसायकलचा टायर बोर्डभोवती सातआठ सेंटिमीटरचेच कडे देतो, आणि बोर्डला लागून येणारी त्याची आतली कड पोलादी तारेची असते. तिथे लागलेला बाण उसळणारच. उन्हात कडक झालेले रबर तर बाण धरतच नाही. म्हणून टायर हा तक्त्याला पर्याय नव्हे, तक्त्याच्या पुढे लावायची जोड आहे.

आता जमीन, जिचा उल्लेख सुरुवातीला केला होता. सारवलेल्या जमिनीत बाण पडला तर लहानसे भोक पडते आणि पुढच्या सारवणात बुजते. या खेळासाठी घरातली सर्वांत समजूतदार जमीन तीच, पण ती आता किती घरांत उरली आहे? शहाबादी आणि कोटा फरशीच्या कडेला बाण लागला की कपची उडते. चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल त्याहून कठीण, ती बाणालाच वाकवते, आणि नेमका हा वाकलेला बाण पुढच्या नुकसानीचे मूळ ठरतो. कठीण जमिनीवर आपटलेल्या टोकाला डोळ्याला न दिसणारा बारीक आकडा येतो. तो बोर्डमध्ये शिरताना त्रास देत नाही, काढताना मात्र सिसलचे धागे ओढून आणतो. ज्या बोर्डचे आयुष्य धागे जागेवर राहण्यावर अवलंबून आहे, तो अशा दहावीस आकड्यांनी काही महिन्यांत केसाळ होतो. म्हणजे उघड्या फरशीची किंमत फरशी भरतेच, पण बाण आणि बोर्डही भरतात. टोकावरून बोट उलट्या दिशेने हलकेच फिरवले की आकडा जाणवतो, आणि बारीक पॉलिश पेपरवर टोक गोल गोल फिरवले की तो जातो.

विकत मिळणारी डार्टची चटई तीन मीटर लांब आणि पायाखालीही येणारी असते. प्रवरेच्या पट्ट्यात तिला एक पर्याय घरोघरच्या गोठ्यात पडलेला आहे. संकरित गायींच्या खाली अंथरतात ती जाड रबरी मॅट. ती दीड सेंटिमीटरच्या आसपास जाड असते, वजनदार असल्याने सरकत नाही, धुता येते, आणि बाण तिच्यात क्षणभर टेकून आडवा होतो. चार बाय साडेसहा फुटांची एक मॅट बोर्डखाली भिंतीला लावून टाकली तर पडलेले जवळपास सगळे बाण तिच्यावरच पडतात. नारळाच्या काथ्याचे जाड पायपुसणेही चांगले, कारण त्यात धागा उभा असतो, बोर्डसारखाच. सतरंजी मात्र टाळावी. ती पातळ असते, आणि टाइलवर बाण काढायला गेलेल्या माणसासकट घसरते. वास्तविक जमिनीवरचा भार बोर्ड निवडतानाच कमी करता येतो. जुन्या पद्धतीच्या जाड गोल तारांच्या आणि पिनांच्या बोर्डवर बाण जास्त उसळतात, पातळ पात्यासारख्या तारांच्या बिनपिनांच्या बोर्डवर कमी. महाग बोर्डचे जास्तीचे पैसे असे फरशीच्या खात्यात वाचतात, हे दुकानदार सहसा सांगत नाही.

एवढा खटाटोप कशाला, वर्षातून एकदा पुट्टी लावून टाकावी, असे कोणी म्हणेल. पुट्टी स्वस्त आहे हे खरे, पण ती लावून उसळलेला बाण थांबत नाही. कठीण भिंतीवरून परत आलेला बाण फेकणाऱ्याच्या किंवा शेजारी उभ्या असलेल्या मुलाच्या दिशेने येतो, आणि पायाच्या बोटाला काय, डोळ्याला काय, पुट्टी लागत नाही. मऊ थर भिंत वाचवतो हा त्याचा दुय्यम गुण. दुसरी सूचना नेहमी येते ती अंगणात खेळण्याची. भिंतीचा प्रश्न त्याने सुटतो, पण दहिवराने आणि पावसाने सिसल फुगतो, उन्हाने सुकतो, आणि अंगणातून येणारे-जाणारे असतात. प्लॅस्टिकच्या टोकांचा किंवा चुंबकाचा बोर्ड हा तिसरा सल्ला. अगदी लहान मुले असलेल्या घरात प्लॅस्टिकचे टोक शहाणपणाचे आहे, फक्त तिथे फेकण्याचे अंतर २.४४ मीटर असते आणि उसळून पडणारे बाण कमी नसतात. चुंबकाचे बाण सुटून त्यातला चुंबक तान्ह्याच्या हाती लागणे ही तर पोलादी टोकाहून वाईट गोष्ट आहे, कारण एकाहून जास्त चुंबक पोटात गेले तर ते आतड्यांना चिमटून धरतात.

जागेचा एक नियम सगळ्या थरांहून महत्त्वाचा, आणि तो फार लांबवण्यासारखाही नाही. बोर्ड दारावर टांगू नये, दाराशेजारीही नको. दार उघडून आत येणाऱ्याला खेळ चालू आहे हे ठाऊक नसते. मातीच्या भिंतीत खिळा धरत नसेल तर जुन्या घराच्या लाकडी खांबाला आडवी फळी बांधून तिच्यावर तक्ता टांगावा, किंवा सुताराकडून तिरक्या पायांचा उभा सांगाडा करून घ्यावा. त्याने भिंतीला हातही लागत नाही, आणि भिंत भावकीची सामाईक असेल तर पलीकडच्या घरात ठकठकही जात नाही.

हे सगळे लावून झाल्यावर एक मोजमाप नव्याने करावे लागते, आणि तेच बहुतेक घरांत राहून जाते. फेकण्याची रेघ बोर्डच्या दर्शनी पृष्ठभागापासून २.३७ मीटरवर असते, भिंतीपासून नव्हे. प्लायवुड, फळी आणि बोर्डची स्वतःची जाडी धरून तो पृष्ठभाग भिंतीपासून सहाआठ सेंटिमीटर पुढे आलेला असतो, म्हणून भिंतीपासून मोजून आखलेली रेघ तेवढीच जवळ पडते. यासाठी मध्यबिंदूपासून रेघेपर्यंतचे तिरपे अंतर मोजणे सर्वांत सोपे. ते २.९३ मीटर भरले पाहिजे. तेवढ्या लांबीची सुतळी दोन्ही टोकांना गाठ मारून बोर्डमागच्या खिळ्याला अडकवून ठेवली, की गोठ्यातली मॅट धुवायला काढून पुन्हा टाकली तरी रेघ दर वेळी जागच्या जागी येते.